तळपायाची नस

मी भूलतज्ज्ञ. तळपायाच्या घामाचे रुग्ण आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जातात, त्यातले काही तिथून माझ्याकडे येतात. मागणी एकच: "डॉक्टर, नस बधीर करा, कटकट मिटवा." त्रास खराच असतो. लादीवर ओली पावलं उमटतात, रबरी चप्पल सटकते, बुटांच्या वासापायी कुणाकडे जायला नको वाटतं. हा घाम उन्हापेक्षा परीक्षा-मुलाखतींना जास्त सुटतो. गाढ झोपेत थांबतो.

पण कुठली नस? घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडामागे बोट ठेवलं की धमनी उडताना लागते. तिला लागूनच टिबियल नर्व्ह. सोनोग्राफीत ती मधमाशांच्या पोळ्यासारखी दिसते. तळपायाचा बहुतेक भाग तिच्याच ताब्यात. बाहेरची कड सुरल नर्व्हकडे. या नसांपाशी लिग्नोकेन हे भुलीचं औषध सोडलं की तळवा बधीर होतो. मात्र हा ब्लॉक, म्हणजे नस बधीर करणं, घामावरचा उपचार नव्हे. बोटॉक्सच्या सुया सोसाव्यात म्हणून केलेली ही तयारी. एकेक-दीड सेंटिमीटरवर टोचत गेलं की एका तळव्यात डझनावारी सुया होतात. पायात काटा मोडलेल्या कुणालाही विचारा. बोटॉक्स घामग्रंथींना मिळणारा अ‍ॅसिटिलकोलिनचा निरोप अडवतं, तेही काही महिनेच.

भूल देण्याआधी एक काम उरकावंच लागतं. तळव्याला आयोडीन लावून सुकवायचं, वर स्टार्च भुरभुरायचं. घामाची जागा काळी-निळी होते, ती पेनाने आखून घ्यायची. आधीच, कारण घामग्रंथींचे सिम्पथेटिक तंतू त्याच नर्व्हमधून जातात. भूल चढली की पाय गरम होतो, कोरडा पडतो आणि स्टार्च पांढरंच राहतं. गंमत म्हणजे कित्येक वर्षांनी पाय कोरडा होतो, तेव्हा नेमका तो बधीर असतो!

घाम थांबवणारा ब्लॉक वेगळा, कमरेतला. मणक्यांच्या पुढच्या अंगाला असलेल्या सिम्पथेटिक साखळीपर्यंत एक्स-रेच्या पडद्यावर बघत लांब सुई न्यायची आणि थोडं फिनॉल सोडायचं. पायाची संवेदना शाबूत राहते, घाम आटतो. पण मांडीत-जांघेत जळजळ मागे राहू शकते, पाठ-पोटावर घाम वाढू शकतो, पुरुषांत वीर्यस्खलनाची अडचण येऊ शकते. शिवाय परिणाम कायमचा असेलच असं नाही. विशी-पंचविशीतल्या मुलाला हे सुचवताना माझा हात आखडतो.

म्हणून मी आधी खोदून विचारतो: रात्री कोरड्या पायाला वीस टक्के अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड लावलंत? पाण्यातून सौम्य वीजप्रवाह देणारं आयन्टोफोरेसिस केलंत? ग्लायकोपायरोलेटच्या गोळ्या घेतल्यात? "करून झालं सगळं," असं उत्तर येतं. जास्त चौकशी केली की आयन्टोफोरेसिस आठवडाभरातच गुंडाळलेलं निघतं. ते आठवड्यातून तीन-चारदा, काही आठवडे नेटाने करायचं असतं. अशांना मी परत पाठवतो.

घोट्याचा ब्लॉक घेणाऱ्यांनी सोबत माणूस आणावा. भूल उतरेपर्यंत मोटरसायकल चालवायची नाही. मागचा ब्रेक पायाने दाबायचा असतो.