आमच्या पिकअपचा फ्रीझ प्लग

दिमोनात आमच्या घरासमोर एक जपानी पिकअप उभी असते. 1996 सालचं मॉडेल, पेट्रोल इंजिन, रंग एके काळी पांढरा होता. धाकट्याच्या मुलीने ती तीन वर्षांपूर्वी जुनीच विकत घेतली. ती मेंदीच्या आणि इतर समारंभांच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते. मोठाली पातेली, घडीची टेबलं, थंड पाण्याचे पिंप हे सगळं लहान गाडीत मावत नाही. तेव्हा ही पिकअप म्हणजे तिचं निम्मं दुकानच.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे भाऊ, थोरला 82 वर्षांचा आणि धाकटा 76 चा. थोरल्याने मुंबई सोडण्यापूर्वी काही वर्षं परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटरचं काम केलं. धाकट्याने इथे येऊन कारखान्यात नोकरी केली. आता दोघेही घरी. त्यामुळे गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसलं की आम्हांला दिवसभराचं काम मिळतं!

गेल्या मे महिन्यात असंच थारोळं दिसलं. इंजिनाची सुई वर चढू लागली, रेडिएटरमध्ये रोज लिटरभर पाणी घालावं लागे. एका मुसाखवाल्याने बॉनेट उघडून वरवर पाहिलं आणि सांगितलं, "हेड गॅस्केट गेलं. एवढा खर्च करण्यापेक्षा ग्रुताओतमध्ये द्या." भंगारात! मुलीच्या पुढच्या दोन आठवड्यांत तीन ऑर्डरी होत्या. ती बिचारी भाड्याच्या गाडीचे भाव विचारू लागली.

आम्ही म्हटलं, थांब जरा. हेड गॅस्केट गेलं तर पाणी बहुधा तेलात मिसळतं किंवा सिलिंडरात जाऊन जळतं. आम्ही तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल काळं होतं, पण दुधाळ झालेलं नव्हतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. गार इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडाशी पाहिलं, तर बुडबुडेही नाहीत. मग पाणी जातं कुठे? ओळखीच्या एका माणसाकडून प्रेशरचा हातपंप मागून आणला. तो रेडिएटरच्या तोंडावर बसवायचा आणि टोपीवर जेवढा दाब लिहिलेला असतो तेवढाच द्यायचा, जास्त नाही. काटा हळूहळू उतरू लागला. दाढीचा छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन नातू पुढच्या चाकाच्या कमानीतून आत डोकावला आणि ओरडला, "सबा, इथे नेझिला आहे! स्टार्टरच्या मागे!"

स्टार्टरच्या मागे, इंजिनाच्या कुशीत, रुपयाहून थोडी मोठी एक गोल पत्र्याची चकती होती. तिच्या खालून तांबूस ओघळ आला होता. तोच फ्रीझ प्लग.

नातवाचा प्रश्न अगदी रास्त होता: "सबा, दिमोनात बर्फ कुठे असतो? मग फ्रीझ प्लग कशाला?"

बाळांनो, हे तुम्हीही ऐकून ठेवा, कारण मोठमोठ्या माणसांनाही हे ठाऊक नसतं. त्या चकतीचं खरं काम बर्फाशी नाही, ओतकामाशी आहे. इंजिनाचा ब्लॉक म्हणजे ओतीव लोखंड. त्याच्या आत पाणी खेळायला पोकळ वाटा लागतात. कोकणात वडा थापताना मधे बोटाने भोक पाडतात ना, तसं इथे भोक पाडून भागत नाही, कारण वाटा आतून वळणाच्या असतात. म्हणून साच्यात आधी वाळूचा घट्ट गोळा त्या वाटांच्या आकाराचा करून ठेवतात आणि भोवती वितळलेलं लोखंड ओततात. वाळू आहे तिथे लोखंड जात नाही. लोखंड गार झालं की वाळू फोडून बाहेर काढायची. पण काढणार कुठून? बाजूंना मुद्दाम ठेवलेल्या गोल भोकांतून. ओतताना वाळूला आधारही तिथूनच असतो. नंतर ही भोकं पत्र्याच्या वाट्यांनी बंद करतात. म्हणून कारागीर लोक त्याला कोर प्लग म्हणतात.

फ्रीझ हे नाव मागून चिकटलं. पाणी गोठलं की साधारण 9 टक्क्यांनी फुगतं. थंड देशांत नुसतं पाणी भरलेल्या इंजिनात कधी कधी ही वाटी बाहेर ढकलली जाते, त्यामुळे लोकांना वाटलं की ती त्यासाठीच ठेवली आहे. पण तिच्यावर भरवसा नको. वाटी जागेवर राहून ब्लॉकच तडकला, असंही होतं.

मग आमची वाटी कशाने गेली? गंजाने, आणि तोही आतून. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं होतं. मुलीने गाडी घेतली त्याच आठवड्यात आम्ही रेडिएटर धुतला, तेव्हा चहासारखं पाणी निघालं होतं. तेव्हापासून कूलंट भरत आलो, पण पत्रा आधीच खाल्ला गेला होता. कूलंट फक्त थंडीसाठी असतं हा समज इथे नेगेवमध्ये फार आहे. खरं म्हणजे त्यात गंज रोखणारी औषधं असतात, आणि पाण्यापेक्षा ते उशिरा उकळतं. आपल्या उन्हात याच दोन गोष्टी लागतात.

काम रविवारी सकाळी काढलं, रात्रभर गाडी उभी राहून इंजिन गार झाल्यावर. तापलेल्या रेडिएटरची टोपी कधीही उघडू नये, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि तोंडावर उडतं. चाकांना दगड लावले, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. जुनं कूलंट बादलीत काढून लगेच झाकलं. ते चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतली मांजरं चाटतात आणि मरतात. ते गटारात ओतायचं नाही, बंद डब्यात भरून जमा करून द्यायचं.

स्टार्टर उतरवायला तासभर गेला. खालचा बोल्ट इतका रुतलेला की गंज सोडवायचं तेल मारून आम्हांला दोनदा चहा घ्यावा लागला. थोरला खुर्चीवर बसून हुकूम सोडत होता, धाकटा पाने देत होता, आणि हात मात्र नातवाचे. आमचे गुडघे आता त्या कमानीत वाकत नाहीत.

प्लग काढण्याची युक्ती परळची आहे. मध्यावर जोराने ठोकून त्याला आत ढकलायचं नाही, कारण आत गेलेली वाटी पाण्याच्या वाटेत अडकून बसते. एका कडेवर बोथट छिन्नी ठेवायची आणि हातोडीने हळू ठोकायचं. ती कड आत जाते, समोरची बाहेर येते आणि वाटी दारासारखी फिरते. मग पकडीने धरून ओढायचं. आमची वाटी ओढताना कागदासारखी फाटली. मागून तपकिरी गाळ आला, तो नातवाने बोटाने आणि चमच्याने काढला (चमचा आता स्वयंपाकघरात येणार नाही, हे आधीच ठरलं होतं).

खरी कसोटी पुढे. भोकाची कड एमरी पेपरने घासून चकचकीत करायची, गंजाचा कण राहता कामा नये. नातू दोन मिनिटांत म्हणाला, "बेसेदर, झालं." थोरला म्हणाला, "बोट फिरव." बोट अडखळलं. पुन्हा घास. असं चार वेळा झालं. पोरगं चिडलं, पण पाचव्या वेळी त्याने स्वतःच बोट फिरवलं आणि काही न बोलता पुन्हा घासायला लागलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

भोक व्हर्निअरने मोजून, इंजिनाचा नंबर दाखवून पितळी प्लग आणला. पितळ लोखंडासारखं गंजत नाही. तो भोकापेक्षा केसभर मोठा असतो, घट्ट बसावा म्हणून. दुकानदार रबराचा, मधे बोल्ट असलेला प्लगही दाखवत होता. जिथे हात पोचत नाही तिथे तो वेळ मारून नेतो, पण आमचा हात पोचत होता. कडेला सीलंटचा पातळ थर दिला, वाटीचं उघडं तोंड बाहेर ठेवलं. वाटीच्या आत बरोबर बसेल असा सॉकेट घालून हळूहळू, अगदी सरळ ठोकत नेलं. वाकडं जाऊ लागलं तर तिथेच थांबायचं. कड भोकाच्या उताराच्या किंचित आत गेली की पुरे.

स्टार्टर चढवला. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं भरलं, बॅटरी जोडली. हीटर गरमवर ठेवून, टोपी उघडीच ठेवून गार इंजिन चालू केलं, म्हणजे अडकलेली हवा निघते. वरचा होज गरम झाला, पातळी खाली गेली, पुन्हा भरलं, टोपी लावली. मग खाली कोरडा पुठ्ठा अंथरला आणि अर्धा तास आम्ही तिघे त्या पुठ्ठ्याकडे पाहत बसलो. मुलगी खिडकीतून तीनदा विचारून गेली. पुठ्ठा कोरडाच राहिला.

त्याच गुरुवारी पिकअप बिर्याणीची पातेली घेऊन बीरशेव्याला गेली आणि रात्री परत आली. सुई मध्यावरच होती. त्याच बाजूचा दुसरा प्लगही त्याच वयाचा, म्हणून तो पुढच्या रविवारी बदलला. एक्झॉस्टच्या मागचे दोन अजून जुनेच आहेत. त्यांच्यासाठी मॅनिफोल्ड उतरवावं लागेल. ते सुकोथनंतर, ऊन उतरल्यावर काढायचं ठरलं आहे. एमरी पेपर नातवाने आताच आणून ठेवला आहे.