गृहीत धरण्याविषयीं

परवां दिवेलागणीच्या सुमारास आमची नात हातांत एका पत्राचा मसुदा घेऊन आमच्या खुर्चीपाशीं आली. नोकरीसाठीं केलेल्या अर्जाची चौकशी करणारें तें इंग्रजी पत्र होतें. "आजोबा, माझा अर्ज त्यांना मिळाला असेल असं मी धरून चालते, एवढंच लिहायचं आहे. इथे 'अझ्यूम' लिहू की 'प्रिझ्यूम'?" असा तिचा प्रश्न. ज्यानें उणींपुरीं पस्तीस वर्षें मुलांना इंग्रजी शिकविलें, त्यास असा प्रश्न म्हणजे आयतें वाढलेलें पान. आम्हीं चष्मा पुसला आणि सुरुवात केली. परंतु बोलतां बोलतां आमच्याच घरांतील एक जुनी गोष्ट आम्हांस आठवली, आणि हा शब्द आपण प्रथम कोणापासून शिकलों, याचेंही स्मरण झालें. वाचकांपुढें तेंच मांडावयाचें योजिलें आहे.

दोन्हीं क्रियापदांच्या पोटांत लॅटिन भाषेंतील एकच धातु आहे. त्याचा अर्थ 'घेणें'. 'अझ्यूम' म्हणजे आपल्याकडे घेणें. 'प्रिझ्यूम' म्हणजे अगोदर घेणें. आमच्या मराठींतील 'गृहीत' हा शब्दही संस्कृतांतील 'घेणें' या अर्थाच्या ग्रह् धातूपासूनच झालेला आहे. दोन दूरच्या भाषांना एकाच कृतीसाठीं एकच उपमा सुचावी, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पुरावा हातीं येण्यापूर्वींच निष्कर्ष उचलून घेणें, हें त्या कृतीचें खरें स्वरूप.

व्यवहारांत मात्र दोहोंत भेद आहे. भूमितीच्या प्रमेयांत आपण 'समजा' म्हणतों, तें 'अझ्यूम'. तेथें आधाराची गरज नसते. वाद पुढें चालावा म्हणून तें घेतलेलें असतें. 'प्रिझ्यूम' म्हणणाऱ्याजवळ कांहीं तरी आधार असावा लागतो; उलट दिसेपर्यंत मी असें मानतों, असा त्यांत भाव असतो. इंग्लंडची दुसरी एलिझाबेथ राणी १९३६ पासून १९५२ पर्यंत गादीची वारस होती; परंतु तिचें वारसपण या क्रियापदापासून बनलेल्या 'प्रिझम्प्टिव्ह' या विशेषणानेंच सांगितलें जात असे. त्या वेळच्या नियमाप्रमाणें तिला भाऊ झाला असता, तर तो तिच्यापुढें गेला असता. म्हणजे वारस खरी, पण उलट कांहीं घडेपर्यंत. याच क्रियापदाचा आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे अधिकार नसतां धजावणें. त्यावरून झालेलें 'प्रिझम्प्चुअस' हें विशेषण आगाऊ मनुष्यास लावतात. अगोदर घेणें आणि आगाऊपणा करणें यांतील अंतर किती थोडें आहे, हें भाषेनेंच असें दाखवून ठेविलें आहे.

या क्रियापदाचें सर्वांत गाजलेलें उदाहरण १८७१ सालचें. आफ्रिकेंत टांगानिका सरोवराच्या कांठीं उजीजी गांवीं स्टॅन्ली या वार्ताहरानें एका थकलेल्या वृद्ध गोऱ्या गृहस्थास पाहिलें, आणि आपण डॉक्टर लिव्हिंग्स्टनच असावेत असें मी धरतों, अशा अर्थाचें वाक्य उच्चारलें, अशी कथा आहे. त्याच्या रोजनिशींतून त्या भेटीचें पान फाडलेलें आहे, त्यामुळें तें वाक्य खरोखर बोललें गेलें कीं नाहीं, याविषयीं चरित्रकारांनीं शंका घेतली आहे. आम्हांस त्याहून अधिक महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच. ज्या पुरुषाविषयीं हें क्रियापद अजरामर झालें, तोच पुरुष त्यापूर्वीं एकदां मेलेला धरला गेला होता! १८६६ सालीं त्यास सोडून गेलेल्या हमालांनीं तो मारला गेल्याची बातमी पसरविली होती, आणि ती खोटी ठरवावयास दुसऱ्या वर्षीं एक शोधपथक पाठवावें लागलें. त्याच प्रवासांत त्याच्याबरोबर आपल्या नाशिकजवळील शरणपूरच्या मिशन शाळेंत वाढलेले, गुलामगिरींतून सोडविलेले आफ्रिकी तरुणही होते. त्या घरच्या मंडळींनीं तेव्हां त्या बातमीवर काय केलें असेल, हा विचार मनांत आला आणि आम्हांस आमची धाकटी काकू आठवली.

आमचे धाकटे काका १९६८ सालीं घरांतून निघून गेले. भांडण नाहीं, कर्ज नाहीं. देवदर्शनास जातों म्हणून सांगून गेले, ते परतले नाहींत. सात वर्षें होऊन गेल्यावर, १९७६ सालीं, काकूच्या मुलाच्या शिक्षणासाठीं काकांच्या विम्याची रक्कम मिळविण्याचा विचार घरांत निघाला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत असा नियम होता कीं, एखाद्याची वार्ता ज्यांना सहज कळली असती त्यांना ती सात वर्षें कळली नाहीं, तर तो जिवंत आहे असें म्हणणाऱ्यानेंच तें सिद्ध करावें. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून नवा लागू झाला, तरी हा नियम त्यांत तसाच ठेविला आहे.

वकिलांनीं दाव्याचा मसुदा इंग्रजींत दिला. वडील थोरले दीर. ते काकूशीं समोरासमोर बोलत नसत. त्यांनीं आम्हांस सांगितलें, "तूं मराठी करून वाचून दाखव आणि सही घे." नुकतेच बी. ए. होऊन शाळेंत लागलेले आम्ही मोठ्या ऐटींत माजघरांत गेलों. मसुद्यांत 'प्रिझ्यूम्ड' असा शब्द होता. आम्हीं सरळ वाचलें, "काका मृत झाले आहेत, सबब…"

काकू तांदूळ निवडीत होती. हात थांबवून तिनें विचारलें, "कुणी पाहिलं?"

"पाहिलं कुणी नाही, काकू. कायद्यानं तसं धरलं आहे."

"मग तसंच वाच. 'मेले आहेत' निराळं आणि 'मेले असं धरलं आहे' निराळं. धरलेलं सोडता येतं."

आम्ही निरुत्तर झालों. मग तिनें हळूच म्हटलें, "आणि मी सही करीन, हेही तुम्ही धरूनच आलात ना? कुणी विचारलं नाहीत."

तिनें सही केली. मुलाचें शिक्षण व्हावें, हें तिलाही हवेंच होतें. परंतु कुंकू पुसणार नाहीं, एवढें तिनें सांगितलें. वडीलधाऱ्या बायकांनीं शास्त्र काढलें. बारा वर्षें वाट पाहून पळसाच्या पानांची प्रतिमा करून क्रिया करावी, असें सांगितलें. काकू म्हणाली, "न्यायालय मेल्याचं धरील, पण कुठल्या दिवशी ते सांगणार नाही. मग मी कुंकू कुठल्या दिवशी पुसायचं?" आम्हीं पुढें वकिलांस विचारलें. ते म्हणाले, तिचें म्हणणें बरोबर आहे; मृत्यु गृहीत धरतां येतो, त्याची तारीख गृहीत धरतां येत नाहीं. काका आले नाहींत. काकू १९९९ सालीं गेली, ती कपाळावर कुंकू असतांनाच.

काकूस इंग्रजीचें अक्षर येत नव्हतें. परंतु या क्रियापदाचा जो मर्म तिनें सांगितला, तोच कायद्यानेंही सांगितला आहे. त्या जुन्या कायद्याच्या चौथ्या कलमांत 'धरतां येईल' आणि 'धरलेंच पाहिजे' असे दोन प्रकार आहेत, आणि दोहोंतही उलट सिद्ध होईपर्यंतच, अशी मर्यादा घातली आहे. तिसरा प्रकार निर्णायक पुराव्याचा. तेथें मात्र उलट बोलण्यास वाव नाहीं. आमच्या मीमांसकांची अर्थापत्तिही हेंच शिकविते. दिवसा न जेवणारा देवदत्त लठ्ठ दिसतो, तेव्हां तो रात्रीं जेवत असला पाहिजे, असें आपण धरतों; पण दिसलेल्या दोन गोष्टींचा मेळ बसविण्यापुरतेंच धरतों, त्याहून रतिभरही अधिक नाहीं.

न्यायालय जें गृहीत धरतें, तें उसनें घेतल्यासारखें धरतें. परत करण्याची तयारी ठेवितें. आपण घरांत माणसांना गृहीत धरतों, तेव्हां ती तयारी असते काय? सून पहाटे उठेल, धाकटा भाऊ नाहीं म्हणणार नाहीं, म्हातारीला काय कळतें, असे किती तरी निकाल आपण सुनावणीवांचून देतों, आणि त्यांवर अपील म्हणून नसतें. एकत्र कुटुंबाची सोय याच गृहीतांवर चालते, हें आम्ही नाकारीत नाहीं; दर गोष्ट विचारीत बसलें, तर सकाळचा चहासुद्धां व्हावयाचा नाहीं. परंतु धरलेलें सोडण्याची रीत ज्या घरांत नाहीं, तेथें त्या क्रियापदाचा दुसरा, आगाऊपणाचा अर्थच खरा ठरतो.

हें सारें नातीनें मुकाट्यानें ऐकून घेतलें. मग तिनें आपला मसुदा पुन्हां उचलला. कोणतें क्रियापद ठेवितेस, असें आम्हीं विचारलें. तिनें तें वाक्यच खोडलें होतें, आणि त्याच्या जागीं अर्ज मिळाला काय, एवढा सरळ प्रश्न लिहिला होता.