वाघ्याचे पाणी

आमच्या घरातील कुत्रे माझे नव्हे, हे प्रथमच सांगून टाकतो. कॉलेजात मराठी शिकविणाऱ्या माणसाने फार तर एखादा शब्दकोश पाळावा. तो भुंकत नाही आणि त्याला सकाळी फिरवून आणावे लागत नाही, अशीच माझी समजूत होती. वाघ्याला घरात आणले ते आमच्या चिरंजीवांनी.

तो दसऱ्यानंतरचा दिवस होता. आमच्या बीड जिल्ह्यात दसरा झाला की गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडी, शेळ्या आणि लहान मुले ट्रॉलीत घालून ऊस तोडायला सातारा, सांगली, कोल्हापूरकडे, तर कोणी थेट कर्नाटकात जातात. ती परततात कारखान्यांचा पट्टा पडल्यावर. मागे राहतात म्हातारी माणसे, कुलपे आणि कुत्री. असल्याच एका कुलपापुढे एक काळे कुळकुळीत पिल्लू, आता दार उघडेल, आता उघडेल, अशा श्रद्धेने बसले होते. आमचे चिरंजीव तेव्हा दहावीत होते. "बाबा, त्याचे लोक येईपर्यंतच राहू द्या," असे म्हणून त्यांनी ते घरी आणले. लोक उन्हाळ्यात आले, परंतु पिल्लाच्या अंगावर चढलेले आमच्या घरचे दूधभात पाहून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की सर तुमच्याकडंच. आमचं काय, पुन्हा दसऱ्याला हलायचंच हाय."

असा वाघ्या आमचा झाला. नाव वाघ्या खरे. पण शेजारचे मांजर कुंपणावर आले की हा वाघ माझ्या खुर्चीखाली येई.

पुढे चिरंजीव इंजिनिअर होण्यासाठी पुण्याला गेले. जाण्यापूर्वी आम्हा बापलेकांत थोडी बोलाचाली झाली. घरात दोन कपाटे भरून मराठी पुस्तके असताना मुलाने त्यांतले एकही उघडू नये, याचे शल्य मी जरा कठोर शब्दांत बोलून दाखविले; त्यानेही मोजकेच, पण वर्मी लागेल असे उत्तर दिले. तेव्हापासून दर रविवारी रात्री फोन येई. आईशी वीस मिनिटे गुजगोष्टी होत. मग फोन माझ्या हातात येई.

"वाघ्या कसा आहे?"

"मजेत."

"बरं."

एवढ्यावर आमचा संवाद संपे. पुष्कळ घरांतून बापलेकांच्या मध्ये असा एखादा दुभाषी लागतो. कुठे तो क्रिकेटचा सामना असतो, कुठे आजोबांची प्रकृती. आमचा दुभाषी चार पायांचा होता, इतकेच.

दुभाष्याला जपणे भाग होते, म्हणून मी त्याला फिरवू लागलो. आणि फिरता फिरता, काय सांगावे, मलाच त्याची गोडी लागली. आमचे अंबाजोगाई बालाघाटच्या कड्यावर वसलेले गाव आहे. योगेश्वरीचे देऊळ मागे टाकून गावाबाहेर पडले की पठार एकाएकी संपते आणि पायांखाली दऱ्या उघडतात. त्यांतल्याच एका दरीत मुकुंदराजांची समाधी आहे. परंपरेप्रमाणे शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ साली, 'विवेकसिंधु' रचणाऱ्या या आद्यकवीने वस्तीसाठी असली जागा का निवडली असावी, हे वर्गात सांगून कळत नाही. तिथे एकदा सकाळी जावे लागते.

आमची वाट मात्र आणखी आडबाजूची. दोन्ही अंगांना काळ्या कातळाच्या भिंती आणि मधून ओढ्याचे रुंद, कोरडे पात्र. पावसाळ्याचे चार दिवस सोडले तर त्यात पाण्यापेक्षा गोटेच अधिक वाहत असावेत. पात्राच्या कडेने एक जुनी गाडीवाट जाते. ना चढ, ना उतार. कुठे एखादी बोर, कुठे हिवर, बाकी स्वच्छ, मोकळे ऊन. चाळिशी उलटलेल्या प्राध्यापकाच्या गुडघ्यांना मानवेल अशी ही वाट. परीक्षकाने दया येऊन काढलेल्या प्रश्नपत्रिकेसारखी सोपी. आणि सोप्या प्रश्नपत्रिकेतच माणूस नापास होतो, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे.

फाल्गुनातला रविवार होता. रात्री उत्तरपत्रिका तपासत जागलो होतो, म्हणून उठायला उशीर झाला. निघालो तेव्हा साडेदहा वाजले होते. मी डोक्यावर टोपी घातली, डोळ्यांवर गडद चष्मा चढविला, पायांत जाड तळाचे बूट घातले आणि पाण्याची एक बाटली घेतली. वाघ्याला ईश्वराने दिलेला काळा कोट होताच.

अर्ध्या तासाने मी बोरीखाली बसलो आणि बाटली तोंडाला लावली. वाघ्या समोर उभा राहून माझ्याकडे पाहत होता. 'घरी गेल्यावर पिईल,' असे मनात म्हणत मी शेवटचा घोट घेतला.

परतताना तो मागे रेंगाळू लागला. मला वाटले, कशाचा तरी वास घेत असेल. मी शीळ घातली. तो चार पावले आला, वेडावाकडा चालला आणि एकदम वाटेतच बसकण मारून आडवा झाला. जीभ लांब बाहेर, लाल झालेली, श्वास भात्यासारखा, डोळे उघडे, पण माझी ओळख नसलेले. मी त्याला उठविण्यासाठी खाली वाकलो आणि हात कातळावर टेकला. टेकला तसाच उचलला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त रस थंड होऊन हा दगड झाला, असे भूगोलवाले सांगतात. तो कितपत थंड झाला आहे, हे मी तासभर त्या मुक्या जीवाच्या उघड्या तळव्यांवरून पाहत होतो आणि मला दिसले नव्हते.

वाचकहो, त्या क्षणी मला काय आठवले असेल? त्याच आठवड्यात मी वर्गात एकनाथांवर बोललो होतो. काशीहून रामेश्वरासाठी आणलेले कावडीतले गंगाजल त्यांनी तप्त वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ती कथा. मी ती रंगवून सांगितली होती. मागच्या बाकावरची मुलेही गप्प बसली होती. आणि आज माझ्या हातात रिकामी बाटली होती. त्यातले पाणी गंगेचे नव्हते, आमच्या नळाचेच होते. तरी ते मी एकट्यानेच संपविले होते.

मी ओरडलो. पात्राच्या वरच्या वळणावरून मेंढरे हाकीत एक म्हातारा धनगर आला. त्याने एकवार वाघ्याकडे पाहिले, एकवार माझ्या टोपीकडे.

"मास्तर, ह्येला आपल्यावानी घाम येत न्हाई. जिभंवरच समदा वारा घेतो त्यो. ह्या वक्ताला कुनी आणतंय का?"

आम्ही दोघांनी त्याला बोरीच्या सावलीत ओढले. म्हाताऱ्याने पात्रातल्या एका झिऱ्यावरचा दगड बाजूला केला, हाताने वाळू उकरली. खाली पाणी पाझरू लागले. ज्या पात्राला मी दोन वर्षे कोरडे म्हणत होतो, त्यात हातभर खोलीवर पाणी होते! माझ्याच टोपीतून ते आणून त्याने वाघ्याचे पोट, जांघा आणि पाय भिजविले. मी घाईने तोंडात ओतू लागलो, तर माझा हात धरला. "ठसका लागंल. तोंड फुडं करंल तवाच द्या, घोटघोट." मग धोतराच्या सोग्याने तो वारा घालीत राहिला.

बऱ्याच वेळाने वाघ्याने शेपटीचे टोक हलविले. म्हाताऱ्याला काही देण्यासाठी मी खिशात हात घातला, तेव्हा तो निघूनही गेला होता; मेंढरे पुढे गेली होती. मग त्या वीस किलोंच्या वाघाला मी खांद्यावर घेतले, सावली शोधत, थांबत थांबत सडकेपर्यंत आणले आणि रिक्षाने गुरांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी सलाइन लावले. "अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हते," एवढेच ते म्हणाले.

रात्री फोन आला.

"वाघ्या कसा आहे?"

"मजेत," मी म्हणालो.

वाघ्या पायाशी निजला होता. त्याच्या तळव्यांना मलम लावले होते. मी फोन ठेवला, जेवायला बसलो, आणि घास गिळेना. वर्गात मी सत्यावरही बोलत असतो. शेवटी उठलो आणि, दोन वर्षांत प्रथमच, मीच पुण्याला फोन लावला. सारे सांगितले, टोपीचे, चष्म्याचे, बाटलीचे आणि शेवटच्या घोटाचेही. "चूक माझी आहे," असेही म्हणालो. हे वाक्य मी मुलापाशी पूर्वी कधी उच्चारले होते, असे मला आठवत नाही.

पलीकडे पुष्कळ वेळ शांतता होती. रागावेल, अशी मनाची तयारी करून मी उभा होतो.

"त्याला सडकेपर्यंत तुम्ही उचलून आणलंत?" त्याने विचारले.

"हो."

"आणि तुमची कंबर?"

कंबर दुखत होती, हे मला तेव्हा जाणवले.

आता आम्ही उजाडताच निघतो आणि ऊन कातळाच्या भिंतीवरून खाली उतरण्यापूर्वी परततो. निघताना मी तळहात दगडावर टेकून पाहतो. बाटल्या दोन असतात, आणि पहिला घोट माझा नसतो. तो धनगर पुन्हा भेटला नाही; त्याच्या झिऱ्यावरचा दगड मात्र मी येता-जाता नीट बसवितो.

दसरा झाला. सडकेवरून ट्रॉल्या भरभरून जाऊ लागल्या आहेत. त्या दिसल्या की वाघ्या थांबतो, नाक वर करून वास घेतो, मग माझ्याकडे पाहतो आणि चालू लागतो. दिवाळीला चिरंजीव येत आहेत. पहाटे अभ्यंगस्नान आधी की वाघ्याचे फिरणे आधी, यावर फोनवर आमचा वाद चालू आहे. कालचा वाद पंचवीस मिनिटे चालला.