अंगावरचा काटा

"थंडी वाजतेय का गं तुला?"

पहिल्या वर्षी, ऑक्टोबरच्या उन्हात, बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने माझ्या दंडाकडे पाहून विचारले आणि त्या दिवसापासून मी पूर्ण बाह्यांचे कपडे घालू लागले. माझ्या दोन्ही दंडांवर बारीक, लालसर पुरळ आहे. खाजत नाही, दुखत नाही. नुसता सदैव अंगावर काटा आल्यासारखा दिसतो. गावी हे कधी जाणवले नाही. तेथे कोणाचे दंड पाहायला कोणाला सवड! त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्यातून मी पाय मुरगळल्याचे सांगून अंग काढून घेतले. पाय धडधाकट होता. वेशाच्या बाह्या आखूड होत्या.

वजरीने घासून पाहिले, तर दंड सोलवटले. शेवटी यंदा सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला. डॉक्टरबाईंनी दंडावरून बोट फिरवले आणि 'केराटोसिस पिलारिस' असे भारदस्त नाव सांगितले. कातडीतले केराटिन केसाच्या छिद्राच्या तोंडाशी साठून बूच बसते, तोच हा दाणा. संसर्ग नाही, धोका नाही. बहुधा घराण्यातूनच येतो. लिहून दिले ते १२ टक्के लॅक्टिक ॲसिडचे मलम.

ॲसिड! हा शब्द मला ठाऊक होता तो वर्तमानपत्रातल्या भीषण बातम्यांमुळे. 'कमवा आणि शिका'च्या पैशांतून ट्यूब घेतली खरी, पण दोन दिवस उघडली नाही. तिसऱ्या दिवशी लावली, तर सोललेल्या जागी अशी झोंबली की वसतिगृहाच्या न्हाणीघरात रडतच दंड धुतले. डॉक्टरबाई माझ्यावर नव्हे, वजरीवर रागावल्या. कातडी भरून आल्यावरच लाव, म्हणाल्या.

पुढे वाचनालयात वाचले, की कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८० साली हे आम्ल आंबलेल्या दुधातून वेगळे केले. म्हणजे आमच्या दह्यातलेच की! (मग मी एकदा ताकही चोळून पाहिले. माश्या आल्या, गुण आला नाही.) मलमाने मात्र महिना-दीड महिन्यात खरखर कमी झाली. लाली थोडी राहिलीच.

दिवाळीच्या सुटीत ओसरीवर मलम लावत बसले होते. आई भाकऱ्या उरकून आली.

"काय लावतीस गं?"

मी सांगितले. तिने पोलक्याची बाही वर सारली. तिच्या दंडावर तोच काटा होता. या दंडावर डोके ठेवून मी लहानाची मोठी झाले, आणि तो कधी पाहिला नव्हता.

"तुज्या आज्जीचंबी असंच हुतं," ती म्हणाली. "ह्याला औशीद असतंय व्हय?"

मी वर्षभर जे लपवत होते ते तिचेच होते. मला वर बघवेना.

"लाव की मलाबी थोडं."

लावले. झोंबतेय का, विचारले. "न्हाई. गार लागतंय."

ट्यूब तिथेच ठेवून आले. मलम थांबले की काटा परततो, हे डॉक्टरबाईंनी सांगितलेच होते. तो परतू लागला आहे. यंदा कोळीनृत्यात मी नाव दिले. पाय बरा झाला का, असे तीन जणींनी विचारले. आणि परवा आईचा फोन आला : "तुजं ते दह्याचं मलम सरलं. येताना दुसरं आण."