वाढत जाणारा लकवा

मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला, वैनगंगा जेथे उत्तरवाहिनी होते तेथे, स्नानास आलेला एखादा प्रौढ शेतकरी ‘हातातून गडवा निसटला, डॉक्टरसाहेब, एवढंच’ अशी कैफियत घेऊन समोर बसतो, तेव्हा त्याची वाणी स्पष्ट, शुद्ध संपूर्ण आणि तो स्वतःच्या पायांनी चालत आलेला पाहून नातलगांना जो दिलासा वाटतो, तो मला वाटत नाही. कारण या जातीच्या लकव्याची पहिली रात्र फसवी असते.

मेंदूच्या गाभ्यात शिरणाऱ्या धमन्यांचा व्यास मिलिमीटरहूनही कमी असतो. वर्षानुवर्षे न तपासलेल्या रक्तदाबाने आणि मधुमेहाने त्यांच्या भिंती जाड होतात, आणि सिंचनाचा मामा तलाव काठोकाठ भरलेला असूनही पाट गाळाने बुजल्यामुळे शेवटच्या बांधीतले धान वाळावे, तसा मोठी धमनी मोकळी असताना तिच्या लहान शाखेवर जगणारा प्रदेश शोषला जातो. हातापायांचे तंतू तेथे इतक्या दाटीने उतरतात, की 15 मिलिमीटरांहून लहान व्रणही संपूर्ण अर्धांग निकामी करू शकतो. बोस्टनचे मेंदूविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी या व्रणांचे शवविच्छेदनाधारे केलेले वर्णन 1965 सालचे आहे. तरीही संध्याकाळी जड वाटणारा हात पहाटे उचलेनासा का होतो, आणि हे काही रोग्यांतच का घडते, याचा उलगडा पूर्ण झालेला नाही, आणि ही वाढ हमखास थोपविणारे औषधही हाती आलेले नाही.

म्हणून उरते ती परीक्षा, आणि तिच्यावर माझी निष्ठा आहे. तळवे आकाशाकडे करून दोन्ही हात समोर धरावयास सांगावे, डोळे मिटवावे, दहापर्यंत मोजावे, आणि कोणता हात आत वळत खाली उतरतो ते पाहावे. दर काही तासांनी, त्याच क्रमाने, तीन दिवस, प्रत्येक नोंद मागच्या नोंदीखाली लिहीत. वाढलेला दाब पाहून जिभेखाली गोळी ठेवून तो झरकन उतरविण्याची घाई मी निषिद्ध मानतो, कारण अरुंद झालेल्या वाहिनीला त्या वेळी त्याच दाबाचा आधार असतो.

‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या 86 गावांत केलेल्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण सातांतील एक मृत्यू पक्षाघाताचा होता, आणि त्यांतील बहुसंख्य घरीच झालेले होते. वाचकांना माझी विनंती एवढीच: हात किंचित जड झाला तरी सकाळची वाट न पाहता रोग्यास जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या, कारण गुठळी विरघळविणाऱ्या इंजेक्शनाची मुदत साडेचार तासांची आहे, आणि तेथे पोहोचल्यावर, तो बरा दिसतो म्हणून, तीन दिवसांच्या आत त्याची सुटी मागू नका.