कॅरिबियनमधील सायंकाळ

जालना एमआयडीसीत भट्ट्यांच्या तांबूस उजेडात सायंकाळ उतरते. येथून कॅरिबियन क्रूझचा बेत आखणाऱ्यांनी बेटांच्या नावांपूर्वी जहाज सुटण्याच्या वेळा पाहाव्यात. बहुतेक जहाजे दुपारी ४-५ वाजताच बंदर सोडतात. रात्रीपर्यंतचा मुक्काम प्वेर्तो रिकोतील सान हुआन व कुरसावमधील विलेमस्टाड येथे काही जहाजे करतात. माझा कौल विलेमस्टाडला आहे. तेथील १८८८चा तरंगता क्वीन एम्मा पूल दिवे लागल्यावर विलक्षण देखणा दिसतो आणि जहाज येताच सबंधच बाजूला सरकतो!

सोबत चौविहार पाळणारे वडीलधारे असतील तर मात्र निवड केवळ सौंदर्याची राहत नाही. त्यांनी उपाशी केबिनमध्ये बसावे आणि आपण रोषणाई पाहावी, हे कसे रुचेल? सान हुआन जवळपास जालन्याच्याच अक्षांशावर आहे. डिसेंबरात दोन्हीकडे सूर्य सहाच्या आत मावळतो आणि संधिप्रकाशही अल्पकाळच टिकतो. म्हणून कंदमुळांविना भोजन लवकर मिळावे, ही विनंती आरक्षणाच्या वेळीच लेखी नोंदवावी. जेवण जहाजावर आटोपून मग उतरावे. जहाजाचे व बेटाचे घड्याळ कधी तासाभराने भिन्न असते. परतावे जहाजाच्या घड्याळाने. पच्चक्खाण मात्र बेटावरच्या सूर्याने.