निगडी ते भंडारा डोंगर, सायकलवरून

रविवारी पहाटे साडेपाचला मी जिन्यावरून सायकल खाली उतरवते, तेव्हा कितीही जपलं तरी चेन खळखळतेच. मग तळमजल्यावरच्या आजी खिडकीतून विचारतात, ‘निघालीस का गं?’ पहिल्या रविवारी त्यांनी हेच विचारलं होतं, ‘अगं बाई, ह्या वयात?’ वर्षभरात प्रश्न बदलला, एवढी प्रगती म्हणायची!

तुम्ही म्हणाल, नवरा, मुलगा, सासू-सासरे, सकाळची शाळा, दुपारी वह्या तपासणं, ह्यातून हिला सायकल कुठून सुचली? खरं सांगू, सुचली नाही. गॅलरीत होती. मुलाला हौसेनं घेतलेली गिअरची सायकल त्यानं सहा महिने फिरवली आणि मग क्लासच्या वेळा आड आल्या. तिच्यावर मी फडकी वाळत घालत होते. माझं माहेर सांगलीकडचं. आठवी ते बी. ए. मी सायकलनंच शिकले, कॅरिअरवर मैत्रिणीला बसवून. लग्नानंतर बारा वर्षांत पायडलला पाय लागला नव्हता. एके दिवशी फडकी काढली, दोन्ही चाकांत हवा भरून आणली आणि आमच्या प्राधिकरणात संध्याकाळी एक चक्कर मारली. पाय थरथरत होते. पण तोल मात्र जिथल्या तिथे होता!

आमचं पिंपरी-चिंचवड म्हणजे पुण्याच्या शेजारचं कारखान्यांचं शहर. १९७० साली इथे नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. निगडी प्राधिकरणातले रस्ते आखून केलेले, रुंद, दोन्ही बाजूंना झाडं असलेले. नव्यानं शिकणारीला ह्याहून चांगली जागा नाही. महिनाभर मी इथेच फिरले, दुर्गा टेकडीपर्यंत आणि परत. मग खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या, शाळेतल्या एक बाई आल्या, आणि आम्ही तिघी झालो.

आमच्या मामंजींना मात्र हे पसंत नव्हतं. आणि गंमत अशी, की घरात सायकल सर्वांत जास्त त्यांनीच चालवलेली. पिंपरीच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं होते. देहूरोडला चाळीत राहायचे आणि सात वाजताच्या पाळीला रोज सायकलनं जायचे, कॅरिअरला डबा लावून. तेव्हा सकाळी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर कामगारांच्या सायकलींचा लोंढा असायचा, असं ते सांगतात. पण त्याच रस्त्यावर त्यांचा एक सोबती ट्रकखाली गेला होता. हे त्यांनी आम्हांला कधी सांगितलं नव्हतं. मला सासूबाईंकडून कळलं. ते नुसतं म्हणायचे, ‘रस्ता पूर्वीचा राहिला नाही, सूनबाई.’

तर आता आमचा रस्ता सांगते. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून निघायचं. शिवाजी महाराज आणि तुकाराम महाराज ह्यांच्या भेटीचं भव्य शिल्प तिथल्या उद्यानात आहे आणि १०७ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ २०१८ सालापासून उभा आहे. तो इतका उंच, की परतीच्या वाटेवर ‘आलं घर’ असं आधी तो सांगतो. तिथून जुन्या महामार्गानं देहूरोड. नव्या द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, त्यामुळे त्या बाजूच्या फाट्याला चुकूनही वळू नका. देहूरोडला लष्कराचा भाग लागतो, तिथे फोटो काढत उभं राहायचं नाही. मात्र तिथला बुद्धविहार जरूर पाहा. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. मी इतिहास शिकवते, पण घराजवळची ही गोष्ट मला सायकलवरून जायला लागल्यावर कळली, हे लाज वाटली तरी लिहिते.

कमानीतून आत वळलं, की वाहनांचा गोंगाट मागे पडतो. निगडीपासून देहूगाव साधारण आठ किलोमीटर. रमतगमत गेलं तरी पाऊण तासात इंद्रायणीच्या घाटावर. एवढ्या पहाटे देवळात काकडा चाललेला असतो, घाटावर चारदोन म्हातारी माणसं आणि पाण्यात मासे. पुढे आळंदीला हीच नदी फेसाळते, त्याचे फोटो तुम्ही वर्तमानपत्रात पाहिले असतील. देहूला बसून ते पटत नाही. इथे आम्ही दहा मिनिटं थांबतो, पाणी पितो. चहा नाही. चहा घेतला, की भंडाऱ्याचा चढ जड जातो, हा स्वानुभव.

पूल ओलांडून येलवाडीकडून पुढे गेलं, की शेतं लागतात. उजव्या-डाव्या हाताला हळूहळू गोदामं आणि प्लॉटांच्या पाट्या वाढताहेत, पण अजून ऊस दिसतो, पावसाळ्यात भात दिसतो. मग भंडारा डोंगर. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, त्यामुळे मोटारीतून जाणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. सायकलवाल्याला प्रत्येक वळण कळतं. पहिल्यांदा मी अर्ध्यात उतरले आणि सायकल हातात धरून चालत गेले. दुसऱ्यांदाही. धापा टाकत चालताना मला राहून राहून तुकोबांची आवली आठवत होती. ते वर चिंतनात आणि ही संसार सांभाळून भाकरी घेऊन हा डोंगर चढायची, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आवलीला लोकांनी कजाग ठरवलं. त्या लोकांना एकदा उन्हात, डोक्यावर टोपली देऊन, ह्या चढावर सोडलं पाहिजे! पाचव्या खेपेला मी न उतरता वर पोहोचले. वरून इंद्रायणीचं वळण आणि लांबवर तळेगावची वस्ती दिसते. वहिनींनी डब्यातून गूळपोळी काढली. ती चव काही निराळीच होती.

उतरताना मात्र घाई नको. दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत, सोडत उतरायचं. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला, तर आपण हँडलवरून पुढे. माझ्या डाव्या गुडघ्यावर त्याची खूण आहे. घरी ‘शाळेत पायरीवरून पडले’ असं सांगितलं होतं. सासूबाईंनी हळद लावली आणि म्हणाल्या, ‘शाळेच्या पायरीला डांबर असतं होय?’

डोंगराच्या पायथ्याजवळून तळेगाव-चाकण रस्ता जातो. तो अवजड वाहनांचा, तिथे आम्ही एकामागे एक, कडेनं, अजिबात न बोलता जातो. थोड्याच वेळात इंदोरी येतं. नदीकाठी सरसेनापती दाभाड्यांच्या गढीचे बुरूज आहेत. खंडेराव दाभाडे १७२९ मध्ये गेले, मुलगा त्रिंबकराव १७३१ मध्ये डभईच्या लढाईत पडला आणि दाभाड्यांच्या सेनापतिपदाचा सगळा कारभार उमाबाईंनी उचलला. धाकटा मुलगा लहान होता. पाठ्यपुस्तकात त्यांना एक ओळ असते, कधी तीही नसते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले, ती सांगते. इंदोरीहून तळेगावला वळसा घालण्याऐवजी आम्ही कुंडमळ्यावरून शेलारवाडीला निघायचो. तिथे इंद्रायणी खडकांतून वाहते, पाण्यानं खडकात कुंडं कोरली आहेत, आणि नदीवर जुना अरुंद लोखंडी पूल होता. त्या वाटेनं सहज सात-आठ किलोमीटर वाचायचे आणि ट्रकही टळायचे. पुलाजवळ धोक्याची पाटी होती. मी ती वाचली होती. मे महिन्यात शेवटचं गेलो, तेव्हाही वाचली आणि वहिनींना म्हटलं, ‘सगळेच जाताहेत की!’ १५ जून २०२५, रविवार. आदल्या रात्री पाऊस झाल्यामुळे आम्ही त्या दिवशी निघालो नव्हतो. दुपारी तो पूल पर्यटकांच्या गर्दीसकट कोसळला. चार माणसं गेली, पन्नासाहून अधिक जखमी झाली.

टीव्हीवर बातमी लागली तेव्हा मामंजी आणि मी दोघंच दिवाणखान्यात होतो. त्यांनी विचारलं, ‘तुम्ही ह्यावरून जायचा?’ खोटं बोलायला जीभ वळेना. ‘हो’ म्हटलं. ‘पाटी होती ना?’ ‘होती.’ ते पुढे काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ह्यांनी मात्र रात्री स्पष्ट सांगितलं, सायकल बंद. मी वाद घातला नाही. वर्गात मुलांना ‘सूचना वाचा आणि मगच उत्तर लिहा’ म्हणून सांगणारी मी, कुठल्या तोंडानं वाद घालणार? त्याच आठवड्यात देहूहून पालखी निघाली, मी गॅलरीतल्या सायकलवर पुन्हा फडकी वाळत घातली.

पावसाळा तसाच गेला. दसऱ्यानंतर एका दुपारी मी वह्या तपासत होते, तर मामंजी शेजारी येऊन बसले आणि त्यांनी वहीचा एक पाठकोरा कागद पुढे सरकवला. त्यावर पेन्सिलीनं रस्ता काढलेला. देहूरोडची कमान, देहू, येलवाडी, भंडारा, इंदोरी, तिथून थेट तळेगाव, सोमाटणे, घोराडेश्वर आणि परत. कुंडमळ्याच्या जागी फुली. जिथे ट्रक वळतात तिथे गोल आणि त्यात लिहिलेलं, ‘उतरून चालणे.’ सोमाटण्याच्या चौकात असे दोन गोल. त्यातल्या एकाजवळ त्यांचा हात जरा थांबला. ‘इथे उतरायचं म्हणजे उतरायचं,’ एवढंच म्हणाले. तो त्यांचा सोबती कुठे गेला, हे मी विचारलं नाही. मग म्हणाले, ‘ह्यांना मी सांगतो.’

तेव्हापासून आमचा हाच फेरा. एकूण पस्तीस-चाळीस किलोमीटर, थांबत-थांबत साडेतीन ते चार तास. तळेगावला तळ्याकाठी न्याहारी. स्वदेशीच्या काळात माणशी एक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना ह्याच गावात १९०८ मध्ये निघाला. तुमच्या आजीच्या घरी काचेची जुनी बरणी असेल तर जपून ठेवा! तळेगावहून परत येताना रस्ता एकंदरीत उताराचा आणि उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, म्हणून हा फेरा देहूकडूनच सुरू करायचा, उलटा नाही. मध्ये घोराडेश्वराजवळ थोडा चढ आहे. वर डोंगरात बौद्ध लेणी आहेत आणि त्यांतल्या एकात महादेव. पायऱ्या पुष्कळ आहेत, ते दर्शन वेगळ्या रविवारी.

तयारी फार लागत नाही. शिरस्त्राण हवंच, त्यात काटकसर नको. ओढणी घरी ठेवा, सलवारीच्या उजव्या पायाला रबरबँड लावा म्हणजे चेनमध्ये अडकत नाही. पाण्यात लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ. मागे लाल दिवा. जवळ एक जादा ट्यूब आणि छोटा पंप असावा, आणि ट्यूब बदलायला दुकानदाराकडून आधी शिकून घ्या. आम्ही तिघींनी चटईवर बसून शिकलं, नखं काळी झाली. शनिवारी रात्री इडलीचं पीठ आंबवून, चटणीचं खोबरं खवून ठेवलं, की रविवारची न्याहारी आपल्यावाचून अडत नाही. आमच्याकडे आता इडलीपात्र हे लावतात. पहिल्या दिवशी तळाला पाणी घालायचं विसरले होते, ते असो.

माळ्यावर जुनी लेडीज सायकल असेल, तर नुसती पुसून काढू नका. टायर वरून धड दिसतो, पण बाजूचं रबर बोटानं दाबून पाहा. भेगा दिसल्या तर दोन्ही टायर बदला आणि ब्रेकची रबरंही.

आमच्या कागदावर मामंजींनी परवा आणखी एक रेघ ओढली आहे. सोमाटणे फाट्यावरून आत, शिरगाव, परंदवडी, आणि पुढे पवना धरणाच्या दिशेनं टिंबं-टिंबं. आमच्या नळाला त्या धरणाचं पाणी येतं. टिंबांच्या शेवटी त्यांनी प्रश्नचिन्ह काढलंय. वहिनी म्हणतात थंडीतच जाऊन येऊ. त्याआधी माझा मागचा ब्रेक घट्ट करून घ्यायचाय.